गुरुत्वाकर्षणाचे सिद्धान्त आणि विश्वाचा आरंभ

१. नियमाचा विस्तार

एखादा नियम ज्या क्षेत्रात पारखला गेला आहे, त्या क्षेत्राबाहेर तो नेऊन लावण्याचा अधिकार आपणास कोठून प्राप्त होतो? विज्ञानातील अनेक मोठ्या वादांच्या मुळाशी हा प्रश्न असतो. विश्वाच्या आरंभाविषयीच्या वादात तर तो पदोपदी समोर येतो. आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र नावे दिली होती. एका यज्ञाच्या संदर्भात सांगितलेला विधी दुसऱ्या यज्ञास लागू करणे याला मीमांसक 'अतिदेश' म्हणत. एखादे लक्षण जेथे लागू पडावयास नको तेथेही लागू पडू लागले, तर त्या दोषाला नैयायिक 'अतिव्याप्ती' म्हणत. अतिदेश हा मान्य व्यवहार होय. अतिव्याप्ती हा दोष होय. एकाची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे ठरविणे मात्र नेहमीच सोपे नसते.

गुरुत्वाकर्षणाचा इतिहास हा अशा अतिदेशांचाच इतिहास आहे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जमिनीवर पडणाऱ्या दगडाचा नियम चंद्राला लावला. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर चंद्रापाशी ते ३,६०० पटींनी क्षीण झाले पाहिजे. म्हणजे येथे दगड एका सेकंदात जेवढा खाली येतो, तेवढेच अंतर चंद्राने एका मिनिटात पृथ्वीकडे 'पडले' पाहिजे. हे अंतर सुमारे ४.९ मीटर आहे, आणि चंद्राच्या प्रत्यक्ष गतीवरून काढलेला आकडा त्याच्याशी जुळतो. विस्तार यशस्वी ठरला.

पुढे युरेनस ग्रहाच्या गतीत विसंगती आढळली, तेव्हा नियमावर विश्वास ठेवून दुसऱ्या एका अज्ञात ग्रहाचे गणित मांडण्यात आले आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुध ग्रहाच्या कक्षेतही एक लहानशी विसंगती होती: शंभर वर्षांत ४३ विकला. येथेही अज्ञात ग्रहाची कल्पना करण्यात आली, त्याचे 'व्हल्कन' असे बारसेही झाले. परंतु तो ग्रह कधीच सापडला नाही. या वेळी उणीव आकाशात नसून नियमातच होती. ती १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने भरून काढली. दोन सारख्याच विसंगती आणि दोन भिन्न निष्कर्ष! वाचकाने ही जोडी ध्यानात ठेवावी. कारण विश्वाच्या आरंभाविषयी आजही हाच पेच उभा आहे.

२. समीकरणांनी मागे नेलेली वाट

आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात गुरुत्वाकर्षण हे दुरून ओढणारे बल राहत नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश व काल यांना वक्रता प्राप्त होते, आणि त्या वक्र भूमितीत पदार्थ आपापल्या स्वाभाविक मार्गांनी जातात. १९१७ साली आइन्स्टाइनने ही समीकरणे एकदम समग्र विश्वाला लावली. सूर्यमालेपासून विश्वापर्यंतची ही उडी प्रचंड होती. विश्व स्थिर आहे अशी त्या काळची समजूत असल्यामुळे त्याने समीकरणांत एक अधिक पद घातले आणि स्थिर विश्वाचे चित्र मिळविले. १९२२ मध्ये रशियातील फ्रीडमन याने आणि १९२७ मध्ये बेल्जियममधील लमेत्र याने दाखवून दिले की, याच समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्वही निघते. १९२९ मध्ये हबलच्या निरीक्षणांनी त्यास आधार दिला. दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातील वर्णरेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात. या सरकण्यास 'ताम्रसृती' म्हणतात. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रसृती अधिक.

एका रबरी पट्टीवर समान अंतरावर शाईचे ठिपके काढून ती ताणली, तर कोणत्याही ठिपक्यावरून पाहिले तरी इतर सर्व ठिपके दूर जाताना दिसतात आणि दूरचे ठिपके अधिक वेगाने जाताना दिसतात. त्यांपैकी कोणताही ठिपका मध्यबिंदू नसतो. आता हीच क्रिया उलटी चालविली, तर ठिपके जवळ जवळ येत जातील. आजच्या मोजमापानुसार ३२.६ लक्ष प्रकाशवर्षे अंतरामागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर भरतो. हा वेग कायम होता असे धरून मागे गेल्यास सुमारे १,४०० कोटी वर्षांपूर्वी सर्व अंतरे शून्य होतात. प्रसरणाच्या वेगातील बदल हिशेबात घेतल्यावर आज स्वीकृत असलेला आकडा सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

त्या शून्य क्षणी घनता अनंत होते, वक्रता अनंत होते आणि समीकरणांना अर्थ उरत नाही. गणितात अशा स्थानाला 'विलक्षण बिंदू' म्हणता येईल. प्रश्न असा की, हा बिंदू विश्वात खरोखर होता, की तो केवळ आपल्या गणिताच्या सोपेपणातून उद्भवला? फ्रीडमन व लमेत्र यांनी विश्व सर्वत्र आणि सर्व दिशांना अगदी सारखे आहे असे गृहीत धरले होते. खरे विश्व इतके काटेकोर नाही.

पंढरीच्या वाटेवर निरनिराळ्या गावांहून निघालेल्या पालख्या वाखरीला एकत्र येतात, कारण सर्वांना तेथेच यावयाचे असते. वाटा थोड्या चुकल्या, तर पालख्या एकमेकींच्या बाजूने निघून जातील आणि गर्दी होणारच नाही. विश्वाच्या मागच्या वाटाही अशाच किंचित चुकलेल्या असतील, तर शून्याचा प्रसंग टळू शकेल काय?

३. रायचौधुरींचे समीकरण

या प्रश्नाचे पहिले निर्णायक उत्तर कोलकात्यातून आले. अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात समानतेचे गृहीतक सोडून दिले आणि द्रव्याच्या एका लहान समूहाचे आकारमान काळाबरोबर कसे बदलते याचे समीकरण मांडले. त्यात चार गोष्टींचा हिशेब आहे: समूहाचे प्रसरण, त्याचा आकार वेडावाकडा होणे, त्याचे स्वतःभोवती फिरणे, आणि द्रव्यामुळे होणारे गुरुत्वाकर्षण. आकार वेडावाकडा झाल्यामुळे शून्य टळेल अशी आपली सहज अपेक्षा असते. समीकरण नेमके उलटे सांगते. या वेडेवाकडेपणामुळे वाटा एकमेकींकडे अधिकच झुकतात. फक्त परिभ्रमण त्यांना दूर ठेवू पाहते. परिभ्रमण नसेल आणि गुरुत्वाकर्षण नेहमी आकर्षणच करीत असेल, तर वाटा मर्यादित काळात एकत्र येणे अटळ ठरते. वाखरीचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो. कारण येथे वाटाच एकमेकींना ओढून घेतात.

या समीकरणाच्या पायावर १९६५ पासून पेनरोज आणि हॉकिंग यांनी आपली प्रमेये उभारली. पेनरोज यांनी कोसळणाऱ्या ताऱ्याचा विचार केला, तर हॉकिंग यांनी तीच रीत उलट्या काळात समग्र विश्वाला लावली. या कार्यासाठी पेनरोज यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रायचौधुरी २००५ मध्ये निवर्तले होते.

ही प्रमेये नेमके काय सांगतात, हे काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. 'विश्व एका बिंदूतून जन्मले' असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. 'काही गृहीतके मान्य केल्यास, भूतकाळाकडे जाणाऱ्या काही वाटा मर्यादित अंतरावर तुटतात' एवढेच त्यांत सिद्ध होते. गृहीतकांपैकी एक मुख्य गृहीतक असे की, गुरुत्वाकर्षण सदैव आकर्षणच करते. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसून आले, तेव्हापासून हे गृहीतक स्वयंसिद्ध राहिलेले नाही. सिद्धता निर्दोष असली, तरी तिचा निष्कर्ष गृहीतकांइतकाच बळकट असतो.

४. कोल्हापूर, काशी आणि केंब्रिज

वाट तुटल्याचे समीकरणे सांगू लागली म्हणजे संशोधकापुढे दोन मार्ग असतात. तुटलेले टोक हाच आरंभ असे मानावयाचे, किंवा समीकरणेच बदलावयाची. दुसरा मार्ग ज्यांनी आयुष्यभर चोखाळला, त्यांत जयंत विष्णु नारळीकर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजचे शिक्षण आटोपून १९३२ साली ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि सापेक्षता सिद्धान्ताच्या अभ्यासाची एक परंपराच त्यांनी तेथे निर्माण केली. प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण वर्णन करणारे १९४३ चे प्रसिद्ध उत्तर शोधणारे प्र. चु. वैद्य हे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली काशीस काम करून गेलेले. जयंतरावांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. काशीस पदवी घेऊन ते १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, १९५९ च्या गणित ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, आणि फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले.

हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये 'स्थिर-स्थिती सिद्धान्त' मांडला होता. विश्व प्रसरण पावते, परंतु दीर्घिका दूर गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे विश्वाचे एकंदर स्वरूप सर्व काळी सारखेच असते. अशा विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. लागणारे द्रव्य किती? आजची घनता आणि प्रसरणाचा वेग यांवरून हिशेब केला, तर एका घनमीटर जागेत सुमारे शंभर कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू पुरतो. प्रयोगशाळेत हे कधीही लक्षात येणार नाही.

'शून्यातून द्रव्य कसे निर्माण होईल?' हा आक्षेप साहजिक होता. त्यावर नारळीकरांचे प्रत्युत्तर नेहमी प्रतिप्रश्नाच्या स्वरूपात असे: विश्वातील सर्व द्रव्य एका क्षणी अवतरले असे मानणाऱ्यांनी त्या क्षणी ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय झाले ते सांगितले आहे काय? हॉईल व नारळीकर यांनी निर्मितीसाठी एका स्वतंत्र क्षेत्राची योजना केली. या 'निर्मितिक्षेत्रा'ची ऊर्जा ऋण आहे. जितके द्रव्य निर्माण होते, तितकीच ऋण ऊर्जा क्षेत्रात भरली जाते. जमाखर्च बरोबर राहतो आणि नियम मोडत नाही.

१९६४ मध्ये दोघांनी त्याहून मूलगामी असा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. त्याची प्रेरणा माख या तत्त्वज्ञ-शास्त्रज्ञाच्या विचारात होती. दगड ढकलताना तो विरोध करतो. हे जडत्व त्याच्या ठायी येते कोठून? माखच्या मते त्याचा संबंध दूरच्या ताऱ्यांशी, म्हणजे विश्वातील उर्वरित द्रव्याशी आहे. हॉईल-नारळीकर सिद्धान्तात प्रत्येक कणाचे वस्तुमान इतर सर्व कणांच्या योगदानातून उत्पन्न होते. रिकाम्या विश्वातील एकट्या कणाला वस्तुमानच नाही. कणांची संख्या फार मोठी असेल, तर या सिद्धान्ताची समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांशी जुळतात. परंतु एक महत्त्वाचा फरक राहतो. आइन्स्टाइनच्या समीकरणांत गुरुत्वाकर्षण आकर्षकच असावे म्हणून स्थिरांकाचे चिन्ह बाहेरून निवडावे लागते. येथे ते सिद्धान्तातूनच निष्पन्न होते.

या सिद्धान्ताने आरंभाच्या प्रश्नालाही निराळे वळण दिले. कणाचे वस्तुमान स्थळकाळानुसार बदलू शकते, असे एकदा मानले म्हणजे ताम्रसृतीचा अर्थही बदलतो. दूरच्या दीर्घिकेतून आज पोहोचणारा प्रकाश निघाला, त्या वेळी तेथील कण हलके होते. हलक्या कणांच्या अणूंतून निघालेला प्रकाश अधिक तांबडा असतो. मागे मागे जाताना वस्तुमान शून्य होईल असे एक पृष्ठ लागते. तेथे भूमितीला काहीच होत नाही. मात्र वस्तुमान कायम मानण्याचा आपण आग्रह धरला, म्हणजे शून्य वस्तुमानाच्या जागी घनता अनंत झाल्याचा आभास होतो. नारळीकरांचे विद्यार्थी अजित केंभावी यांनी १९७८ मध्ये या शून्य-वस्तुमान पृष्ठांचे आणि विलक्षण बिंदूंचे नाते तपासले. भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशात पृथ्वीचा ध्रुव, जो केवळ एक बिंदू आहे, लांबच लांब रेषेसारखा ताणलेला दिसतो. हा दोष नकाशाच्या रीतीचा असतो. प्रत्यक्ष ध्रुवावर उभ्या राहणाऱ्यास तेथे विलक्षण काही आढळत नाही. विश्वाचा आरंभ हाही नकाशाचाच दोष असेल काय, असा हा प्रश्न होता.

५. परीक्षा

सिद्धान्त कितीही डौलदार असला, तरी निसर्गाची साक्ष काढावीच लागते. हॉईल-नारळीकर सिद्धान्तावर पहिला आघात गणिताच्या बाजूने झाला. स्टीफन हॉकिंग त्या वेळी केंब्रिजमध्येच संशोधक विद्यार्थी होते. प्रसरणशील विश्वात प्रत्येक कणाला मिळणाऱ्या योगदानांची बेरीज अनंत होते, असा आक्षेप त्यांनी घेतला, आणि १९६६ साली मान्य झालेल्या त्यांच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण याच आक्षेपाचे आहे.

दुसरे आघात निरीक्षणांचे होते. १९६१ मध्ये केंब्रिज येथीलच मार्टिन राईल यांनी रेडिओ-स्रोतांची मोजदाद प्रसिद्ध केली. दूरचे, म्हणजे जुन्या काळचे स्रोत अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. विश्वाचे रूप सर्व काळी सारखे नसावे असा त्याचा अर्थ होता. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग प्रारण आढळले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ अंश आहे. आरंभीचे विश्व उष्ण व दाट होते असे मानल्यास त्या उष्णतेचा हा निवलेला अवशेष ठरतो. कोबे या उपग्रहाने १९९० मध्ये या प्रारणाचा वर्णपट मोजला, तेव्हा तो उष्ण विश्वाच्या अपेक्षेशी कमालीचा जुळला. शिवाय विश्वातील दृश्य द्रव्यापैकी वजनाने सुमारे चौथा हिस्सा हेलियम आहे. उष्ण विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतील अणुगर्भीय क्रियांचे गणित हेच प्रमाण देते.

१९४८ चा स्थिर-स्थिती सिद्धान्त या परीक्षेत टिकला नाही. परंतु त्याच्या पराभवातही शास्त्राचा लाभ झाला. त्याने निःसंदिग्ध भाकिते केली होती. म्हणूनच तो तपासता आला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढता असावा, हेही त्याचेच एक भाकीत होते, आणि १९९८ च्या निरीक्षणांनी तशी वाढ दाखविली. तिचे आज दिले जाणारे कारण मात्र निराळे आहे.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यातील आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये सुधारित सिद्धान्त मांडला. त्यात विश्व दीर्घ काळात प्रसरण पावते, तसेच मधून मधून आंदोलित होते, आणि सूक्ष्मतरंग प्रारण हा ताऱ्यांचाच प्रकाश असून अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी त्याचे रूपांतर केले आहे, असे म्हटले होते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी हे स्पष्टीकरण स्वीकारले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बहुमत हा सत्याचा पुरावा नव्हे, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम होती. तिचा आदर करावयाचा तर तिची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे: बहुमताविरुद्ध असणे हाही सत्याचा पुरावा नव्हे. दोन्ही बाबतींत निवाडा निरीक्षणाकडेच असतो.

६. सिद्धान्ताची हद्द

उष्ण आरंभाचा पुरावा बळकट आहे; परंतु तो कोठपर्यंत पोहोचतो? हेलियमच्या प्रमाणावरून आपण विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्या आसपासपर्यंत जाऊ शकतो. त्या वेळी तापमान सुमारे एक हजार कोटी अंश होते, आणि त्या तापमानाचे पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत तपासलेले आहे. त्याही मागे जाता येते. मात्र प्रत्यक्ष पुरावा विरळ होत जातो आणि गणितावरील भिस्त वाढत जाते. शेवटी अशी मर्यादा लागते की, तेथे व्यापक सापेक्षता सिद्धान्त एकट्याने चालूच शकत नाही. अतिसूक्ष्म जगाचे नियम पुंजयामिकीचे आहेत. गुरुत्वाकर्षणालाही ते लागू करावे लागतात. हे घडते ती घनता दर घनसेंटिमीटरला ५ वर ९३ शून्ये इतके ग्रॅम, आणि तो काळ सेकंदाच्या ५४ वर ४५ शून्ये देऊन येणाऱ्या संख्येचा भागाकार करावा इतका नव्हे, तर त्याहूनही समजावयास कठीण असा: दशांश चिन्हानंतर ४३ शून्ये देऊन मग ५४ लिहावे, इतके सेकंद. या मर्यादेपलीकडे जुनी समीकरणे नेणे म्हणजे उघड अतिव्याप्ती होय.

या हद्दीवर काम करणाऱ्यांतही आपल्या देशातील अभ्यासक आहेत. नारळीकर आणि त्यांचे विद्यार्थी ताणू पद्मनाभन यांनी १९८० च्या सुमारास असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, भूमितीतील पुंजीय चढउतार हिशेबात घेतल्यास विलक्षण बिंदूची अटळता राहत नाही. शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांच्या भाषेत मांडली. तीतून विकसित झालेल्या सिद्धान्तानुसार अवकाश अखंड नसते. कापड दुरून सलग दिसले तरी धाग्यांचे असते, तसे तेही अतिसूक्ष्म घटकांचे विणलेले असते. क्षेत्रफळाला एक किमान मर्यादा असते, त्यामुळे घनता अनंत होऊ शकत नाही. अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ मध्ये एका सोप्या विश्वाचे गणित पूर्ण केले. त्यात मागे जाणारे विश्व वर सांगितलेल्या घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांपाशी पोहोचताच गुरुत्वाकर्षण अपकर्षक बनते आणि विश्व उसळी घेते. पलीकडे आकुंचन पावणारे एक पूर्वीचे विश्व आढळते. जेथे वाट तुटली होती, तेथे या गणिताने पूल बांधला आहे. त्या पुलाची मजबुती तपासणारे निरीक्षण अद्याप मिळालेले नाही.

७. एका शब्दाविषयी

येथे 'महास्फोट' या शब्दाविषयी खुलासा करणे अनुवादकाचे कर्तव्य ठरते. या शब्दामागील मूळ इंग्रजी नाव १९४९ मध्ये हॉईल यांनीच एका नभोवाणी भाषणात, त्या कल्पनेचा विरोधक या नात्याने, वापरले होते. स्फोट म्हटला की तो कोठेतरी होतो आणि त्याभोवती रिकामी जागा असते. प्रसरणशील विश्वाच्या सिद्धान्तात अशी बाहेरची जागाच नाही. अवकाश स्वतःच विस्तारत असते. म्हैसूरसारख्या कन्नड भाषिक नगरात राहून मराठी लेखन करणाऱ्यास शब्दांच्या या फसवेपणाची विशेष जाणीव राहते. येथे 'नक्षत्र' म्हणजे साधा तारा. मराठीत नक्षत्र म्हटले की अश्विनी, भरणी असे चंद्रमार्गावरील तारकासमूह डोळ्यांसमोर येतात. शब्द एक, आकाशही एक. अर्थ मात्र नदी ओलांडताच बदलतो. 'महास्फोट' हा शब्द दोन्ही भाषांत रूढ झाला आहे आणि आता तो बदलणे शक्य नाही. वाचताना त्यातील 'स्फोट' विसरावा, एवढीच विनंती.

अशीच सावधगिरी आणखी एका बाबतीत हवी. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा उल्लेख या विषयाच्या चर्चेत वारंवार होतो. आरंभाविषयी निर्भय प्रश्न विचारण्याची जी वृत्ती त्या सूक्तात आहे, तिचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु आजची समीकरणे त्यात शोधू नयेत. तसे करणे ही काव्यावर आणि विज्ञानावरही लादलेली अतिव्याप्ती होय.

८. पुढील साक्षीदार

पहिल्या क्षणांची साक्ष प्रकाशाकडून मिळणार नाही. कारण सुरुवातीची सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षे विश्व प्रकाशाला अपारदर्शक होते. गुरुत्वीय लहरींना मात्र त्या दाट काळातूनही वाट मिळते. बंगळूर येथे जन्मलेले आणि म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर असलेले सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० मध्ये दाखविले होते की, कृष्णविवर विचलित झाल्यास आघात केलेल्या घंटेप्रमाणे त्याचा नाद उठतो आणि विरत जातो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी टिपल्या, तेव्हा सिद्धान्ताला अपेक्षित असलेल्या या विरत्या नादाशी त्यांची अखेर सुसंगत होती. प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रात आइन्स्टाइनचा सिद्धान्त अशा रीतीने आणखी एका परीक्षेत उतरला. अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांची मान्यता दिली.

या वेधशाळांना ऐकू येणारे नाद ताऱ्यांच्या अवशेषांचे आहेत. विश्वाच्या आरंभीच्या लहरी त्याहून फार क्षीण असतील, आणि त्यांची खूण सूक्ष्मतरंग प्रारणाच्या ध्रुवणात शोधली जात आहे. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील एका दुर्बिणीने ती खूण सापडल्याची घोषणा केली होती. पुढील वर्षी स्पष्ट झाले की, तो संकेत आपल्याच दीर्घिकेतील धुळीचा असू शकतो, आणि दावा टिकला नाही. घोषणा करणाऱ्या गटानेच धुळीचा नकाशा असणाऱ्या दुसऱ्या गटाबरोबर बसून ही तपासणी केली.

तेव्हा 'विश्वाच्या आरंभाचा शोध लागला' असे वाचनात आले, तर वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हा निष्कर्ष पुराव्याने जेथपर्यंत पोहोचता येते त्या हद्दीच्या अलीकडचा आहे की पलीकडचा? पलीकडचा असल्यास तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे? आणि तो चुकीचा असेल, तर कोणत्या निरीक्षणाने ते उघडकीस येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर तो सिद्धान्त अजून परीक्षेला बसलेलाच नाही, असे समजावे.